चांगले चाललेले ट्रकचे इंजिन कंपन्या पुन्हा का बदलतात?

प्रश्न : वरूडचा संत्रावाला

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी दोन ट्रक आहेत. पहिला सहा चाकी टाटा १६१३ असून तो वडिलांनी १९९८ मध्ये घेतला, आणि दुसरा बीएस-६ चा (भारतातील प्रदूषण नियमांच्या सहाव्या टप्प्याचा), २०२१ मध्ये कर्ज काढून मी घेतला. आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांत दोन्ही गाड्या बगीच्यातून संत्रा उचलतात आणि नागपूरला कळमन्याच्या बाजारात नेतात; हंगाम नसेल तेव्हा कापसाच्या गाठी, सरकी, हरभरा, असे मिळेल ते भाडे घेतो.

वडिलांच्या गाडीचे इंजिन आजवर दोनदा बांधले. नुसत्या आवाजावरून कोणत्या सिलिंडरचे नोझल (डिझेल फवारणारी तोटी) बिघडले आहे हे त्यांना कळते, आणि नोझल, पंप, वाल्व्ह सेटिंग ही कामे गावापासून दहा किलोमीटरच्या आत होतात. नवी गाडी मात्र गेल्या नोव्हेंबरात भरल्या मालासह काटोलच्या अलीकडे अडली. समोरच्या काट्यांमध्ये दिवा लागला, ताकद एकदम कमी झाली आणि चढावर गाडी पायी चालल्यासारखी चालू लागली. रस्त्यावरच्या एकाही मिस्त्रीला तिला हात लावता आला नाही. माल दुसऱ्या गाडीत पलटी करण्यात आणि सेवा केंद्राच्या रांगेत दोन दिवस गेले, फळ नरम पडले आणि व्यापाऱ्याने भाव पाडला. त्या रात्री वडिलांनी मला एवढेच विचारले की, जे इंजिन बाजारात चालले, ज्याने इतक्या लोकांचे संसार चालवले, ते बदलण्याची गरज कोणाला पडली होती? मला त्यांना धड उत्तर देता आले नाही.

प्रदूषणाचे नियम बदलले हे मला ठाऊक आहे. परंतु नियम नव्हते तेव्हाही इंजिने बदलतच होती. १२१० नंतर १६१२ आली, तिच्यामागून १६१३ आली. म्हणजे कारण एकच नसावे. खप चांगला असताना, साचे आणि यंत्रे बसवून झालेली असताना, सुटे भाग गावोगावी मिळत असताना कंपनी पुन्हा कोट्यवधी रुपये खर्चून तेच इंजिन नव्याने का आखते? दुरुस्तीचे काम गावच्या मिस्त्रीच्या हातून काढून आपल्या सेवा केंद्राकडे वळवावे, हा त्यामागचा हेतू आहे का? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मला ते वडिलांना वाचून दाखवायचे आहे.

उत्तर १ : हिंगणघाटचा मिस्त्री

भाऊ, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या कडेला तीस वर्षांपासून माझे गॅरेज आहे आणि त्यांच्या गाडीत आहे त्या जातीची इंजिने मी किती उतरवली याचा हिशेब राहिलेला नाही. त्या इंजिनाच्या नावातल्या ६९७ या आकड्याचा अर्थ पुष्कळांना माहीत नसतो: सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, १२८ मिलिमीटर, म्हणून एकूण क्षमता ५,६७५ सीसी. त्याच बोअर-स्ट्रोकचे चार सिलिंडरचे इंजिन म्हणजे ४९७, त्याची क्षमता ३,७८३ सीसी. या घराण्याचे मूळ डाइमलर-बेंझमध्ये आहे, कारण टाटांचा आणि त्यांचा करार १९५४ ते १९६९ असा चालला होता.

तुमचा प्रश्न वाचून मला आमच्याच हातून झालेली एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या पंपावर डिझेल वाढवण्याचा स्क्रू असे. गाडीत पासिंगच्या दीडपट माल भरला की मालक आमच्याकडे येत आणि म्हणत, ‘मिस्त्री, थोडे डिझेल वाढवून द्या, चढावर गाडी दम टाकते.’ आम्ही वाढवून देत होतो. गाडी ओढायची, काळा धूर सोडायची, आणि सहा-आठ महिन्यांनी तीच गाडी डोके वितळलेला पिस्टन किंवा तडा गेलेले हेड घेऊन परत यायची. इंजिन आखणाऱ्याने त्यात राखून ठेवलेली ताकद आम्ही अशी खर्चून टाकत होतो. पुढे टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेल्या इंजिनांत पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची चिळकांडी मारणारे जेट दिसू लागले, तेव्हा मला वाटले की जे तुटके तुकडे आम्ही भंगारात टाकत होतो ते कोणीतरी नीट पाहिले असावेत.

दुसरे असे की, इंजिन एका दिवसात बदलत नाही. पट्टीवर तोच नंबर असतो, पण दोन वर्षांनी आलेल्या इंजिनात पाण्याच्या पंपाचे सील वेगळे असते, रिंगांची जाडी वेगळी असते, गॅस्केट वेगळ्या धातूचे असते. सुट्या भागांच्या दुकानात ‘कोणत्या सालची गाडी?’ असे पहिल्यांदा विचारतात ते याच कारणाने. आपण ज्याला मूळ, न बदललेले इंजिन समजतो तेही आतून अनेकदा बदललेले असते, फक्त त्याची जाहिरात होत नाही.

दुरुस्ती आमच्या हातून गेली, ही तुमची शंका मात्र मला खरी वाटते. हेतू कंपनीच्या मनात काय होता ते मी सांगू शकत नाही, परिणाम मी रोज पाहतो. स्कॅनर घ्यायला पैसे लागतात, प्रत्येक कंपनीचा वेगळा लागतो, आणि इंजेक्टर बदलल्यावर त्याचा क्रमांक संगणकात भरल्याशिवाय गाडी नीट चालत नाही. माझ्याकडे शिकलेली दोन मुले हे काम सोडून गेली. ज्यांनी इंजिन आखले त्यांनी ते दुरुस्त करणाऱ्याचाही विचार करायला हवा होता.

उत्तर २ : सेवाग्रामचा निवृत्त अभियंता

इंजिनांच्या एका कारखान्यात चाचणी विभागात मी सत्तावीस वर्षे काम केले आणि आता गावी परतलो आहे. मिस्त्रीभाऊंनी जे लिहिले त्याच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. वितळलेले पिस्टन खरोखरच आमच्याकडे येत होते. वॉरंटीत परत आलेला प्रत्येक भाग कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जात असे, आणि नव्या आखणीची सुरुवात बहुधा त्याच टेबलावर होत असे.

यशस्वी इंजिन पुन्हा का आखावे लागते, याचे पहिले कारण त्याच्या यशातच असते. इंजिन बाजारात येण्यापूर्वी आम्ही ते चाचणीगृहात हजारो तास चालवतो, काही गाड्या वाळवंटात आणि घाटात फिरवतो. परंतु ते लाखो लोकांच्या हाती गेल्यावर जे प्रसंग त्याच्यावर येतात ते कोणत्याही चाचणीगृहात उभे करता येत नाहीत. खप वाढला की इंजिन मूळ कल्पनेत नसलेल्या कामांना जुंपले जाते. एकच इंजिन सहा चाकी ट्रकमध्ये, बसमध्ये, टिप्परमध्ये, जनरेटरमध्ये जाते. त्याच वेळी विक्री विभाग म्हणतो की प्रतिस्पर्ध्याने वीस अश्वशक्ती वाढवली, आपणही वाढवू. पहिल्या आवृत्तीत सावधपणे राखलेली ताकद अशी वापरली जाते: आधी टर्बो, मग इंटरकूलर (कोंबलेली गरम हवा थंड करणारी जाळी), मग पंपाचा जास्त दाब. जुन्या बिनटर्बो इंजिनात सिलिंडरमधला कमाल दाब १०० बारच्या आसपास असे. आजच्या जड ट्रकच्या इंजिनांत तो २०० बारच्या घरात जातो. ब्लॉक, हेडचे बोल्ट, गॅस्केट, बेअरिंग हे सारे जुन्या दाबासाठी आखलेले असेल, तर ठिगळे लावत किती दिवस जायचे असा प्रश्न येतोच, आणि मग मुळापासून नवी आखणी करणे स्वस्त पडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कमिन्सच्या बी मालिकेचे आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा-कमिन्स कंपनीने हीच इंजिने जमशेदपूरला बनवली. ५.९ लिटरचे हे इंजिन, १०२ मिलिमीटर बोअर आणि १२० मिलिमीटर स्ट्रोक, १९८० च्या दशकात आले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत डॉजच्या पिकअपमध्ये १६० अश्वशक्तीसह बसवले गेले. ते इतके लोकप्रिय झाले की लोक इंजिनासाठी गाडी घेऊ लागले. तरीही १९९८ मध्ये त्याचे हेड नव्याने आखून प्रत्येक सिलिंडरला दोनऐवजी चार वाल्व्ह दिले गेले, २००३ मध्ये कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून जास्त दाबाचे डिझेल पुरवणारी व्यवस्था) आली, आणि २००७ मध्ये बोअर १०७ व स्ट्रोक १२४ मिलिमीटर करून ते ६.७ लिटरचे झाले. यात वाल्व्हचा बदल समजून घेण्यासारखा आहे. दोन मोठे वाल्व्ह असले की इंजेक्टरला मधोमध जागा उरत नाही. तो एका बाजूला तिरपा बसवावा लागतो, त्यामुळे डिझेलची फवारणी एका अंगाला जवळ आणि दुसऱ्या अंगाला लांब पडते. चार लहान वाल्व्ह दिले की इंजेक्टर बरोबर मध्यभागी उभा राहतो, फवारा चहूबाजूंना सारखा पसरतो, आणि डिझेल पूर्ण जळते. खप चांगला होता म्हणून ही सुधारणा टाळली असती, तर पुढचा नियम पाळणे त्या इंजिनाला शक्यच झाले नसते.

आता नियमांकडे येतो, कारण ‘प्रदूषणाचे नियम’ एवढे म्हटल्याने त्यांचा आवाका लक्षात येत नाही. आपल्याकडे जड वाहनांसाठी आजच्या बीएस मालिकेतला पहिला टप्पा २००० मध्ये आला, तेव्हा नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा दर किलोवॉट-तासाला ८ ग्रॅम होती. दुसऱ्या टप्प्यात ती ७, तिसऱ्यात ५, चौथ्यात ३.५ झाली, आणि पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या सहाव्या टप्प्यात बदलत्या भाराच्या चाचणीसाठी ती ०.४६ ग्रॅमवर आली. काजळीची मर्यादा पहिल्या टप्प्यात ०.३६ ग्रॅम होती, ती आता ०.०१ आहे. म्हणजे तुमच्या दोन गाड्यांच्या जन्मात जितके अंतर आहे, तेवढ्या काळात ही मर्यादा कित्येक पटींनी खाली आली.

आणि यातली खरी अडचण अशी की हे दोन दोष एकमेकांच्या उलट वागतात. इंजिनात जाळ जास्त तापला की नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. जाळ थंड केला की काजळी वाढते. जुन्या यांत्रिक पंपाने टायमिंग पुढे-मागे करून एक कमी करता येई, पण दुसरा वाढायचाच. दोन्ही एकदम कमी करण्यासाठी एका स्ट्रोकमध्ये डिझेल दोन-तीन वेळा, अगदी मोजून सोडावे लागते, आणि तेही इंजिन मंद फिरत असतानाही पूर्ण दाबाने. जुन्या पंपाचा दाब इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून होता, म्हणून त्याला ते जमत नव्हते. कॉमन रेलमध्ये १,६०० ते २,००० बार आणि त्याहून अधिक दाब कायम तयार असतो, आणि तो केव्हा व किती वापरायचा ते संगणक ठरवतो. संगणक गाडीत येण्याचे मूळ कारण हे आहे. दुरुस्ती मिस्त्रीच्या हातून काढून घेणे हा त्यामागचा पहिला हेतू होता असे मी मानत नाही. मात्र संगणक आल्यावर त्याला कुलपे कोणी आणि कशी लावली, याबद्दल मिस्त्रीभाऊंचा राग रास्त आहे. पंप बनवणाऱ्या कारखान्यांनीही हळूहळू जुने यांत्रिक पंप कमी केले. सुटा भाग बनवणाराच थांबला की इंजिन कंपनीची इच्छा असो वा नसो, आखणी बदलावी लागते.

प्रत्येक बदल चांगलाच होतो असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये नेव्हिस्टारने बनवलेले ७.३ लिटरचे डिझेल इंजिन १९९४ पासून होते आणि लोक त्याच्यावर आजही जीव लावतात. येऊ घातलेल्या नियमांसाठी २००३ मध्ये त्याच्या जागी ६.० लिटरचे नवे इंजिन आले, आणि त्याचे ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) व हेड गॅस्केट यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की दोन्ही कंपन्यांमधला वाद न्यायालयात गेला. अखेर २०११ च्या मॉडेलपासून फोर्डने स्वतःच आखलेले ६.७ लिटरचे इंजिन आणले. घाईने आणि फार गोष्टी एकदम बदलल्या की असे होते. याउलट जनरल मोटर्स आणि इसुझू यांच्या ड्युरामॅक्स इंजिनाच्या २००१ च्या पहिल्या आवृत्तीत इंजेक्टर वाल्व्हच्या झाकणाखाली होते, ते बदलायचे म्हणजे मोठी खोलाखोल; २००४ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीत ते झाकणाबाहेर आणले गेले. मिस्त्रीची सोय पाहून केलेल्या आखणीचे ते उदाहरण आहे, आणि अशी उदाहरणे वाढायला हवीत.

उत्तर ३ : वणीचा कोळसा वाहतूकदार

माझ्या दहा चाकी टिप्परांची धाव कोळशाच्या खाणीपासून रेल्वेच्या सायडिंगपर्यंत असते. अंतर कमी, धूळ भरपूर, आणि मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो. अभियंता काकाजींनी कंपनीच्या बाजूने कारणे सांगितली. घेणाऱ्याच्या बाजूनेही एक-दोन कारणे नोंदवतो, कारण बदल आम्हीसुद्धा मागितले होते.

माझ्या धंद्यात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा डिझेलचा आहे. जुने इंजिन ताकद देण्यासाठी फेऱ्या मागायचे, म्हणजे खाणीतून भरून वर येताना गिअर सतत खाली टाकावा लागे. नव्या इंजिनात हजार-बाराशे फेऱ्यांवरच पूर्ण ओढ मिळते, गिअर कमी बदलावे लागतात आणि दिवसाच्या शेवटी टाकीत फरक दिसतो. ॲव्हरेज पाहूनच आम्ही गाडी घेतो, आणि दुसऱ्या कंपनीची गाडी लिटरमागे थोडी जास्त चालली की जुन्या यशाचा विचार न करता तिकडे वळतो. कोणती कंपनी अशा वेळी स्वस्थ बसेल?

शिवाय जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसांवरील भाराची मर्यादा वाढवली. तीन आसांच्या दहा चाकी ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले, आणि मॉडेलच्या आकड्यांतही २५ च्या जागी २८ दिसू लागले. कागदोपत्री भार वाढला तसे इंजिन, क्लच आणि रेडिएटर यांचा पुन्हा विचार करणे भाग होते. आमच्याकडे कोळशाची बारीक भुकटी रेडिएटरच्या जाळीत चिकटते, इंटरकूलर समोर असेल तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत साचते, आणि भर उन्हात गाडी गरम होऊन उभी राहते. माझ्या आधीच्या गाडीत ती फट हात जाणार नाही इतकी अरुंद होती; सेवा केंद्रात मी हे तीनदा लेखी दिले. त्याच कंपनीच्या पुढच्या गाडीत जाळी बिजागरीवर उघडते आणि मागून हवा मारता येते. माझ्याच पत्राने ते झाले असे मी म्हणणार नाही, पण अशी पत्रे पुष्कळांनी दिली असणार.

आणखी एक गोष्ट मला मनापासून लिहायची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात शेजारच्या चंद्रपूरची गणना अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली होती. त्याला कारणे अनेक आहेत, फक्त ट्रक नाहीत. परंतु कोळशाच्या रस्त्यालगत ज्यांची घरे आहेत त्यांच्या अंगणातून दिवसाला शेकडो टिप्पर जातात, आणि जुन्या गाडीचा धूर त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत होता. माझे ड्रायव्हर रांगेत तासन् तास इंजिन चालू ठेवून बसत आणि तोच धूर ओढत. नव्या गाडीने मला दुरुस्तीचा त्रास दिला आहे, तरीही त्या धुराकडे मला परत जायचे नाही.

उत्तर ४ : काटोलचा छोटा हत्तीवाला

मोठ्या गाड्यांच्या चर्चेत लहान गाडीविषयी थोडे लिहितो. टाटांचा एस (Ace) हा छोटा मालवाहू ट्रक २००५ मध्ये आला. त्याचे दोन सिलिंडरचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन म्हणजे इंडिकाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा अर्धा भाग, ताकद १६ अश्वशक्ती. गावच्या बाजाराला त्याहून जास्त लागतच नव्हते, आणि लोकांनी त्याला छोटा हत्ती हे नाव दिले. मी २००९ मध्ये घेतलेला आजही भाजी नेतो. तरीही आज माझ्या चुलतभावाने तीच गाडी पेट्रोलवरची घेतली, कारण धूर स्वच्छ करणारी सामग्री लहान डिझेल इंजिनालाही बसवावीच लागते, आणि लहान गाडीच्या किमतीत तिचा बोजा फार मोठा होतो. मारुतीने २०१६ मध्ये सुपर कॅरी ही गाडी ७९३ सीसीच्या डिझेल इंजिनासह आणली होती. बीएस-६ आल्यावर ते डिझेल इंजिन बंदच झाले आणि गाडी पेट्रोल व सीएनजीवर राहिली. इंजिन चांगले असूनही हिशेबात बसेनासे होते, ते असे.

प्रश्नकर्ता : वरूडचा संत्रावाला

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या रात्री वडिलांना सगळे वाचून दाखवले. पिस्टनचे वाचताना ते थोडा वेळ गप्प झाले. डिझेल वाढवून घेणाऱ्यांत तेही होते. ६९७ चा अर्थ इतक्या वर्षांनी कळला म्हणून त्यांना फार आनंद झाला.

काकाजी, आता माझ्या गाडीविषयी विचारतो. सेवा केंद्राने ‘फिल्टर काजळीने भरला होता’ एवढेच सांगून बिल हातात दिले. जे इंजिन इतक्या विचाराने नव्याने आखले, ते संत्रा वाहण्यासारख्या साध्या कामात का अडावे?

उत्तर ५ : सेवाग्रामचा निवृत्त अभियंता

तुमचे काम इंजिनासाठी साधे नाही, म्हणून ते अडले. धुरातली काजळी एका सच्छिद्र फिल्टरमध्ये अडवली जाते आणि ती अधूनमधून जाळून टाकावी लागते. त्यासाठी फिल्टरमध्ये साधारण ६०० अंश सेल्सियस तापमान लागते. महामार्गावर भरली गाडी तासभर एका वेगाने चालली की धूर मुळातच तापलेला असतो. संगणक थोडे जादा डिझेल उशिरा सोडून ते तापमान गाठतो आणि चालकाला पत्ताही लागत नाही. तुमची गाडी मात्र बगीच्यात क्रेट भरेपर्यंत उभी, कधी इंजिन चालू ठेवून, मग पांदण रस्त्याने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मग गावातून, मग कळमन्याच्या फाटकासमोर रांगेत. धूर तापतच नाही, काजळी साचत जाते, आणि जाळण्याचे काम सुरू झाले तरी इंजिन बंद केल्यामुळे अर्धवट राहते. असे वारंवार झाले की जादा सोडलेले डिझेल काही गाड्यांत सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिनच्या तेलात उतरते. म्हणून तेलाची काडी पाहताना पातळी कमी झाली का एवढेच पाहू नका, वाढली आहे का तेही पाहा.

हे वापराचे चित्र आखणाऱ्यांच्या समोर पुरेसे नसावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. चाचणीचा आराखडा करताना लांब पल्ल्याचा ट्रक, शहरातली बस, खाणीतला टिप्पर अशी वर्गवारी असते. हंगामात बागेतून बाजारात जाणारी गाडी त्यात कोठे बसते? सेवा केंद्राकडे तक्रार करताना गाडी किती किलोमीटर चालली एवढेच लिहू नका, किती तास उभी राहिली आणि कोणत्या रस्त्याने गेली तेही लिहून द्या. माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत हीच माहिती नसायची, आणि ती नसल्यामुळे आमचे चुकलेले निर्णय मला आजही आठवतात.

उत्तर ६ : हिंगणघाटचा मिस्त्री

भाऊ, काकाजींच्या म्हणण्यात कामाच्या दोन-तीन गोष्टी जोडतो. तुमच्या गाडीत गाडी उभी करून काजळी जाळण्याचे बटण असेल, तर दिवा पहिल्यांदा लागला त्याच दिवशी ते वापरा. दुसऱ्या दिव्याची वाट पाहू नका. जळण्याचे काम सुरू झाले की ते संपेपर्यंत इंजिन बंद करू नका. आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्याला लागून गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवता आली तर फारच चांगले.

युरियाच्या टाकीत बाजारातले तयार डीईएफच (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करण्यासाठी लागणारे युरियाचे द्रावण) टाका. आमच्या भागात एका गाडीवाल्याने शेतातला युरिया पाण्यात कालवून ओतला होता. डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेले पाणी असते. शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो आणि तो धूर शुद्ध करणारा डबा खराब करतो. त्या गाडीवाल्याला तो डबा नवा घ्यावा लागला.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. तुम्ही कापसाच्या गाठीही नेता असे लिहिले आहे. काजळी जळत असताना सायलेन्सर आणि त्यातून निघणारा धूर आग लागेल इतका तापलेला असतो. ते बटण जिनिंगच्या आवारात, कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळलेल्या गवतावर गाडी उभी असताना कधीही दाबू नका. आधी गाडी मोकळ्या, मुरमाड जागेवर घ्या, ताडपत्रीचे लोंबणारे टोक वर बांधा, आणि काम होईपर्यंत ड्रायव्हरला गाडीजवळच थांबायला सांगा.